नाइन नाइन

"धमक्या द्यायच्या असतील तर अंगणात जाऊन द्या," अंजनाबाई म्हणाल्या. "इथं मी तिकीट पाहून राहिली."

केशोराव शेठ खुर्चीत मागे टेकले. सडक अर्जुनीत त्यांची राइस मिल होती. त्यांच्याशी असं कोणी बोलत नसे.

दाराशी सावित्रीबाई उभ्या होत्या. बावीस वर्षं त्यांनी शेठच्या घरी धुणीभांडी केली होती. आता शेठ त्यांना चोर म्हणत होते.

भांडण टेबलावरच्या तुकड्याचं होतं. जुन्या पाकिटाचा टीचभर कागद, त्यावर पंचम जॉर्जचं एक आण्याचं तिकीट, तिकिटावर टपालाचा गोल शिक्का. १९२१ साली सरकारनं एक आण्याच्या तिकिटांवर काळ्या शाईत 'नाइन पाइज' छापून त्यांची किंमत नऊ पै केली. तशी तिकिटं आजही पुष्कळ सापडतात. पण छापताना थोड्या तिकिटांवर चूक झाली आणि 'पाइज'च्या जागीही 'नाइन'च उमटलं. या तुकड्यावर तेच होतं. नाइन नाइन.

सावित्रीबाईंच्या नातीनं, नीतूनं, त्याचा फोटो फेसबुकवर टाकला. नागपूरच्या एकानं लाखांची भाषा केली. ती गोष्ट शेठच्या कानावर गेली.

"आमच्या आजोबांच्या पेटीतला माल आहे हा," शेठ म्हणाले. "हिनं उचलला."

"तुमीच म्हणलं होतं, पेटीतले कागद जाळून टाक," सावित्रीबाई म्हणाल्या. "दिवाळीच्या सफाईत. राजाचं चित्र दिसलं म्हणून पोरीसाठी ठेवलं. चोरी कायची त्यात? बलावा पोलीस. मी इथंच उभी आहो."

"पोलीस येतीलच. पहले मॅडमला सांगू दे, असली का नकली."

त्यासाठीच दोघं कोहमाऱ्याला अंजनाबाईंच्या घरी आले होते. अंजनाबाईंची पस्तीस वर्षं पोस्टात गेली होती. अशा बदललेल्या किमतीच्या तिकिटांची पारख त्या स्वतःच शिकल्या, आणि निवृत्त झाल्यावर तेच त्यांचं काम झालं. एका बड्या अधिकाऱ्याचं तिकीट त्यांनी खोटं ठरवलं होतं. त्यानं वर्षभर छळलं, पण त्यांनी शब्द बदलला नाही. कोलकात्याचे संग्राहकसुद्धा त्यांच्या सहीवर डोळे मिटून तिकीट घेत.

सावित्रीबाईंना आणखी एक आधार वाटत होता. दर पौर्णिमेला दोघी एकाच विहारात वंदनेला बसत.

अंजनाबाईंनी चिमट्यानं तुकडा उचलला. दिव्याखाली धरून त्यावर भिंग फिरवलं. मागची बाजू पाहिली, मग पुन्हा पुढची.

"नकली आहे," त्या म्हणाल्या.

सावित्रीबाईंनी दाराची चौकट धरली.

"असं कसं?" शेठ पुढं झुकले.

"सरकारनं आधी अक्षरं छापली. मग तिकीट पाकिटावर लागलं, मग शिक्का बसला. म्हणून खऱ्या तिकिटात शिक्क्याची शाई अक्षरांच्या वर दिसते. इथं उलटं आहे. कोणीतरी साध्या जुन्या तिकिटावर नंतर अक्षरांचा ठसा मारला. पाहा तुम्ही."

शेठनी एक डोळा मिटून भिंगातून पाहिलं. भिंग जवळ नेलं, लांब नेलं.

"दिसलं?"

"हां," शेठ म्हणाले. "दिसून तर राहिलं." मग सरळ बसले. "तरी एकदा विचार करा मॅडम. आमच्या घरचा माल खोटा निघत नाही. तुमची जी काही फी असेल..."

"फी घेत नाही. शब्दही बदलवत नाही. तुमची मिल असो का मंत्र्याची ओळख."

"ताई, आणखी एकदा पाहा ना," सावित्रीबाई म्हणाल्या.

"पाहिलं. विहारातली ओळख विहारात."

सावित्रीबाईंनी मान फिरवली.

अंजनाबाईंनी कोरा कागद घेऊन 'तिकीट नकली' असं लिहिलं आणि सही केली. पेन मात्र खाली ठेवलं नाही.

"हे कुठून आलं, तेही लिहावं लागते. फेसबुकवर विकायची बोलणी झाली आहे. उद्या चौकशी लागली तर ठसा कोणी मारला, हे त्याच घराला विचारतील. लिहू? केशोराव शेठच्या आजोबांच्या पेटीतून?"

शेठ उठून उभे राहिले. "आमचा काय संबंध? आमच्या पेटीत असलं काही नव्हतंच."

"मग आतापर्यंत कायले भांडून राहिले होते?"

"गलतफहमी झाली."

"तसं लिहून द्या. या बाईंवर आरोप नाही, हेही लिहा."

शेठना घाई झाली होती. त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं: हा तुकडा माझ्या घरचा नाही, त्यावर माझा कुठलाही हक्क नाही, सावित्रीबाईंबद्दल तक्रार नाही. खाली सही केली, तारीख टाकली.

"माझ्या कागदाची झेरॉक्स हवी?" अंजनाबाईंनी विचारलं.

"काही नको."

शेठची गाडी हायवेकडे वळली. सावित्रीबाई टेबलाजवळ आल्या आणि त्यांनी तुकडा उचलला.

"चोर नाही ठरली, थेवढं झालं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून काही मागत नाही मी. पोरीले सांगतो, फाडून टाकलं म्हणून." त्यांनी दोन्ही हातांच्या चिमटीत तुकडा धरला.

अंजनाबाईंनी त्यांचं मनगट पकडलं. दुसऱ्या हातानं आपला सही केलेला कागद चुरगाळून टोपलीत टाकला. मग शेठनी लिहिलेला कागद नीट घडी करून त्यांच्यापुढं सरकवला.

"हा जपून ठेवा, बाई," त्या म्हणाल्या. "आयुष्यात आज पहिल्यांदा खोटं लिहिलं मी. तिकीट खरं आहे."