मन मोकळं करा

वॉर्डात चाळीस रुग्ण आणि नर्स दोनच. त्यातल्या थोरल्या सिस्टरबाईंनी शेवटी संचालकांची केबिन गाठली.

"सर, पायांत बळ उरलं नाही हो. काल एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला टोचता टोचता थांबले. तिसरी नर्स द्या, नाहीतर एखाद्याचा जीव जाईल माझ्या हातून."

संचालकांनी मान किंचित तिरपी करून सगळं ऐकलं. मान नेमकी किती तिरपी करायची, हे ते नुकतेच संवादकौशल्याच्या शिबिरात शिकून आले होते.

"सिस्टर, तुमची वेदना पोहोचली बरं माझ्यापर्यंत," ते म्हणाले.

आणि खरंच, सोमवारी कर्मचाऱ्यांसाठी 'मन मोकळं करा' कक्ष सुरू झाला. निळे पडदे, दोन मऊ खुर्च्या, टिश्यूचा डबा. ऐकून घ्यायला कुणीतरी मायाळू माणूस हवं, म्हणून सिस्टरबाईंच्या जोडीची नर्स तिथे बसवली. वॉर्डात सिस्टरबाई एकट्या उरल्या.

महिनाभर त्या कक्षाकडे कुणीही फिरकलं नाही. काम टाकून जाणार कोण?

 

मग संचालकांनी फलकावर अभिनंदनाचा कागद लावला : "आपल्या रुग्णालयात आता एकाही कर्मचाऱ्याला ताण उरलेला नाही."