कोलिउमोचा आकडा

बाकी सगळे आकडे जुळले. कोलिउमोचा काही जुळेना.

जुना संगणक म्हणत होता, कोलिउमोच्या खाडीबाहेरचं मोजयंत्र लाटेच्या अंदाजाला शून्य उपयोगाचं. नवा म्हणत होता, सगळ्यांत जास्त उपयोगाचं. शून्यवालं यंत्र सोमवारी समुद्रातून काढून टाकणार होते. आणि दोन्ही उत्तरं जुळल्याची विभागप्रमुखांची सही नाही मिळाली, तर नव्यावर गणित बसवणाऱ्या हिमेनाची नोकरी शुक्रवारी जाणार होती.

गणित उलटं होतं. किनाऱ्यावर चढलेल्या लाटेपासून मागं मागं जायचं आणि कुठल्या यंत्राच्या नोंदीनं ती किती हलते, ते काढायचं. विभागप्रमुख सानुएसांनी, ज्यांना सगळे प्रोफे म्हणत, ते वीस वर्षांपूर्वी ओळ न् ओळ हातानं लिहिलं होतं. त्याला दोन तास लागत. हिमेनानं त्यांच्या ओळी न घेता नोंदींपासून लाटेकडं जाणारं सुलट गणितच सॉफ्टवेअरकडून आपोआप उलटवून घेतलं आणि ग्राफिक्स प्रोसेसरवर चार मिनिटांत बसवलं.

आधी तिनं स्वतःवरच संशय घेतला. या प्रोसेसरवर हजारो हात एकदम राबतात. सुलट जाताना सगळे एकच आकडा वाचतात, तंटा नाही. उलट येताना सगळे त्याच जागी लिहायला धावतात आणि एकाचं दुसरा पुसतो. कीर्तनात सगळ्यांनी मिळून ऐकलं तर रंग चढतो; सगळेच बोलू लागले तर बुवांचं कोण ऐकणार? तिनं सगळ्यांना रांगेत उभं केलं. चाराची सहा मिनिटं झाली. आकडा ढिम्म.

पाल्ता म्हणजे अव्होकाडो लावलेला पाव चघळत प्रोफे येऊन गेले. "पोरी, जुळलं की आण. पेन उघडंच ठेवलंय."

आकडा जुळवून टाकायचा तर नव्या गणितात एका ओळीचं काम होतं. कोलिउमो = शून्य. तिनं ती ओळ लिहिली. बघत बसली. खोडली.

मग जुन्याच संगणकावर, सुलट गणितात, तिनं कोलिउमोची नोंद बोटभर वाढवली. किनाऱ्यावरची लाट हलली. नव्यानं सांगितली होती तेवढीच.

"प्रोफे," ती कागद पुढं करत म्हणाली, "चूक तुमच्याकडं आहे."

पाव बाजूला राहिला. तासाभरानं त्यांना स्वतःलाच आपल्या हातानं लिहिलेल्या उलट्या गणितात राहून गेलेली ओळ सापडली. यंत्र काढू नका, असा त्यांनी फोन केला. सही केली. तरी उठेनात.

"तुझ्याआधी तिघांनी हे गणित असंच आपोआप उलटवून त्या त्या वेळच्या नव्या प्रोसेसरांवर नेलं," ते म्हणाले. "तिघांचाही कोलिउमोचा आकडा माझ्याशी तंतोतंत जुळला होता."