डाळीच्या शिट्ट्या

"तू कुकर हो," हेरंबने अडीच वर्षांच्या रेवाला दारात पाटावर बसवत सांगितलं. "गाल फुगव, गॅसवरच्यासारखी शिट्टी मार." बायको पहाटेच ड्यूटीवर गेलेली, डबा, अंघोळ, पाळणाघर सगळं त्याच्याच गळ्यात. खेळता खेळता कामं उरकायची ही युक्ती त्याला भलतीच आवडली.

इस्त्री करता करता तो कान देऊन होता. तीन शिट्ट्या झाल्या तसा धावत येऊन त्याने गॅस बंद केला. झाकण चटकन निघालं, तिथेच शंका आली. डाळ खड्यासारखी कडक! त्याने पाटाकडे पाहिलं. लेकीने गाल फुगवून आणखी एक हाणली: "शूंऽऽऽ!" हुबेहूब.

बस चुकणार हे नक्की. रागवायला त्याने तोंड उघडलं आणि आतून शिट्टीच निघाली. कुकर पुन्हा गॅसवर चढला आणि बापलेक समोरासमोर बसून आळीपाळीने शिट्ट्या मारू लागले.

शेजारच्या शेवडेकाकू खिडकीतून ओरडल्या, "हेरंबा, गॅस बंद कर रे! डाळीचा कोळसा झाला असेल!"

"काकू," हसून हसून त्याला बोलता येईना, "डाळीची अजून एकही झालेली नाही!"