आवाज बसलेला रविवार

बोरसे वकिलांचा आवाज नेमका रविवारी सकाळी बसला, आणि चहा होतो न होतो तोच भेस्तानहून दोन व्याही भांडण घेऊन दारात हजर झाले.

सोळा वर्षं सरकारी वकील असताना याच आवाजाने त्यांनी सुरतच्या कोर्टात भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडला होता. "हो की नाही, एवढंच सांगा!" ही त्यांची ओळख. मागच्या दिवाळीत सरकारी काम सोडून त्यांनी स्वतःची वकिली सुरू केली. घरगुती तंटे कोर्टाबाहेर मिटवून देतो, असंही सांगायला लागले. हा त्यातला पहिलाच.

"त्यांचा घसा बसलाय," त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

"मग परत येऊ का?"

"आलात तर बसा. ऐकू येतं त्यांना."

सुकलाल मुलाचा बाप, भाईदास मुलीचा. दोघांनी कापडाच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मागांवर जन्म काढलेला. आता सुकलालची सून धनश्री माहेरी निघून गेली होती आणि फारकतीची भाषा सुरू झाली होती. दोघांनी पोरांनाही सोबत आणलं होतं; ती एका कोपऱ्यात बसली, नवरा ललित दुसऱ्या.

"माझ्या पोरीला यांच्या घरात मान नाही!" भाईदास म्हणाला.

"आणि न सांगता निघाली ती? गल्लीत आमची शोभा झाली!"

वकिलांनी सवयीने बोट उगारलं, तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. बोट खाली आलं.

व्याही बोलतच राहिले. थेट लग्नातल्या पंगतीपर्यंत मागे गेले. शेवटी दोघांचंही बोलणं सरलं, तेव्हा ते वकिलांकडे बघू लागले. वकील त्यांच्याकडे बघत राहिले. दुसरं करणार काय?

"माले कोनी इचारंच नही," धनश्री म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"हे कामाला तिकडे हजीऱ्याला, राहतात कंपनीच्या खोलीवर. घरी रविवारचे येणार. मी रुसून नाही गेले. यांच्याशिवाय त्या घरात करमेना, म्हणून गेले."

ललित उठूनच उभा राहिला. "अगं, तिथे धूळ किती, मशिनांचा आवाज किती! तुला सोसणार नाही असं वाटलं मला."

"आणि मी काय बागेत वाढले? मागांच्या खडखडाटात झोपायचे मी."

ललितला हसू फुटलं. मग तिलाही.

सुकलालने उपरण्याने तोंड पुसलं. "बरं, मग हिचं सामान हजीऱ्याला माझ्या टेम्पोतून जाईल."

"तुमच्या का? पोरगी माझी, टेम्पो मी आणणार!"

"सून कुणाची?"

पुन्हा आवाज चढले. त्यांना थांबवायला वकिलांनी हात वर केला, तेवढ्यात खिडकीतून त्यांना खालचा रस्ता दिसला. ललितने स्कूटर सुरू केली होती. धनश्री पदर खोचून मागे बसत होती.

वकिलांनी हात खाली घेतला, दोन्ही व्याह्यांपुढे चहा सरकवला आणि निवांत मागे टेकून बसले.