राजपुत्राचा गुन्हा

“आजपास्नं राजा तू,” असं म्हणून फडमालक हिंदुरावांनी मुकुट झुंबरच्या हातात दिला.

इंदापूरचा आठवड्याचा बाजार होता. दुपारचा खेळ लागायला तासभर अवकाश होता. कनातीमागं जो तो येऊन झुंबरची पाठ थोपटून गेला. त्यांचं तरी काय चुकलं? आज्यानं राजा केला, बापानं राजा केला, आता तिसऱ्या पिढीनं गादी चालवायची. तमाशातल्या माणसाला याहून मोठं ते काय मिळायचं? बाप महिपती साठीच्या पुढं गेला होता. गेल्या आठवड्यात बारामतीला त्याचा आवाज मागच्या माणसांपर्यंत पोचला नाही आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. हिंदुरावांनी आणखी दोन खेळ वाट पाहिली आणि राजा बदलला.

झुंबरनं नको म्हणून पाहिलं. तू नसलास तर बाहेरचा आणतो, असं मालकांनी सुनावलं. मग त्यानं मुकुट डोक्यावर चढवला. त्याचं दुःख चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

तीन वर्षं झाली, बापलेकांत विस्तव जात नव्हता. चौपन्न साली झुंबर फड सोडून कोल्हापूरला सिनेमात गेला होता. रूप होतं, गळा होता. एका बोलपटात सरदाराचं बरं काम मिळालं. इकडं त्याची आई बनाबाई, याच फडात गाणारी, आठ दिवसांच्या तापानं गेली. झुंबरला ते कळलं एका ओळखीच्या ढोलकीवाल्याकडून. तो येऊन पोचला तेव्हा दहावासुद्धा उरकला होता. सगळ्या फडासमोर महिपती एवढंच म्हणाला, की ती आजारी पडली त्याच दिवशी तार केली होती. त्यानंतर तो लेकाशी एक शब्द बोलला नाही.

तार कुठं गेली याचा झुंबरनं फार तपास केला. स्टुडिओतल्या कारकुनाला विचारलं, बिऱ्हाडाच्या शेजाऱ्यांना विचारलं. काही लागेना, तेव्हा आपलीच कुठंतरी हयगय झाली असं त्यानं मनाशी धरलं. चालून आलेलं दुसरं काम सोडलं आणि फडात परतला. दोघं एकाच पालात राहत. पण ‘जेवायला ये’ हा निरोपसुद्धा स्वयंपाक करणाऱ्या द्वारकाबाईच्या तोंडून यायचा. खेळाला हजार माणसांपुढं उभा राहणारा झुंबर, पण त्याच्याइतका एकटा माणूस तालुक्यात दुसरा नसेल.

बोलणं व्हायचं ते फक्त वगात. बाप राजा, लेक राजपुत्र. सावत्र आईच्या चहाडीवरून राजा निरपराध पोराला वनवासाला धाडतो, अशी गोष्ट. गोष्ट तेवढी ठरलेली, बोलणं मात्र ज्याचं त्यानं उभ्या उभ्या जमवायचं. त्यामुळं एखाद्या खेळात राजा मध्येच विचारायचा, रानात थंडी लई, अंगावर काय घेशील? लोक हसायचे. झुंबरला मात्र ठाऊक असायचं, की हे राजा विचारत नाही, आबा विचारतात. तो अगदी खरं खरं उत्तर द्यायचा, घोंगडी हाय म्हणायचा. त्या चार वाक्यांवर तो पुढच्या खेळापर्यंतचे दिवस काढायचा. आता तेवढंही संपणार होतं.

गण झाला, गवळण झाली, वग सुरू झाला. पत्र्याच्या पेटीवर शाल टाकून केलेल्या सिंहासनावर झुंबर बसला. राजपुत्राचं काम फडातल्या नव्या नटाला, संभाजीला दिलं होतं. राजानं राजपुत्राला हजर करण्याचा हुकूम सोडला आणि कनातीत एकदम हशा पिकला.

समोर महिपती उभा होता. राजपुत्राचा जरीचा कोट त्याच्या पोटावर मिटत नव्हता. गालांना लाली फासली होती, तिच्यात सुरकुत्या उठून दिसत होत्या. राजापरीस राजपुत्र म्हातारा, असं कोणीतरी ओरडलं. आत हिंदुराव संभाजीवर दातओठ खात होते, आणि तो बापडा परत परत सांगत होता, की आबांनीच कोट मागून घेतला, हात जोडले, मी काय करू?

महिपतीनं फळ्यांवर गुडघे टेकले आणि लेकाच्या पायांवर डोकं ठेवलं. झुंबर उठणारच होता. पण वग चालू होता, सगळा बाजार बघत होता. हळूहळू हसणं थांबलं. मग झुंबरनं राजानं विचारायचं ते विचारलं.

“राजपुत्रा, तुझा गुन्हा काय?”

इथं राजपुत्रानं ‘मी निरपराध आहे’ म्हणायचं असतं. तीन वर्षं झुंबर खेळागणिक तेच म्हणत आला होता. महिपतीनं मान वर केली नाही.

“तू शिनेमात गेल्याचा राग हुता, म्हाराज,” तो हळू आवाजात म्हणाला. “ती आठ दिस तुजंच नाव घेत हुती. तार मी केलीच न्हवती.”