यादीतलं जितं नाव

एसटीत बसल्यापासून निवृत्ती बनसोडेनं एकच वाक्य घोकलं होतं. ‘माझी लेक आता न्हाई, तिचा सत्कार दुसऱ्या कुनाला द्या.’ एवढ्या मानाचं पत्र आलं, तर तोंडी उत्तर द्यायला नको का? पण सभागृहाच्या दारातल्या टेबलापाशी तो पोचला आणि ते वाक्य कुठं पळालं कोण जाणे.

टेबलामागं सिद्धलिंग सर बसले होते. विद्यापीठातले तरुण अध्यापक. आज नावं पुकारायचं काम त्यांच्याकडं. पुस्तकं लिहिलेल्या, नाटकं बसवलेल्या, चित्रं काढलेल्या माजी विद्यार्थ्यांचा आणि प्राध्यापकांचा सत्कार विद्यापीठानं यंदा मुद्दाम लातूरला ठेवला होता. नवा जिल्हा झालाय, त्याचा मान. दुष्काळ म्हणून हारतुऱ्यांना फाटा दिला होता, पाण्याच्या पिंपाला कुलूप होतं. भाषणांना मात्र तोटा नव्हता.

"कोणाकडून आलात, काका?"

निवृत्तीनं खिशातून पत्र काढून पुढं ठेवलं. पत्त्यावर जुनाच जिल्हा, म्हणून ते उस्मानाबादेकडं भटकून महिन्यानं गावात पोचलं होतं.

"गौतमी बनसोडे! म्हणजे तुम्ही वडील तिचे?" सर खुर्चीतून उठलेच. "कुठंय ती? अहो, काय कविता लिहिते पोरगी! आमच्या कुलगुरूंनी एका बैठकीत संपवलं तिचं पुस्तक."

निवृत्तीला भरून आलं. तिच्याबद्दल इतक्या खुशीत कुणी बोललेलं त्यानं दीड महिन्यात ऐकलं नव्हतं. गावात तर जो तो आवाज खाली करूनच बोलायचा.

"सर, ती गेली," तो कसाबसा म्हणाला. "हिरीत पानी भरायला उतरली व्हती. वाटीवाटीनं भरावं लागायलंय आमच्याकडं. दरड आली अंगावर."

सरांनी यादी पुढ्यात ओढली. मास्तर माणूस, काळजाला धक्का बसला तरी हात आधी कागदाकडं जातो. गौतमीच्या नावाआधी त्यांनी ‘कै.’ लिहिलं.

"आमच्यात तसं लिवत न्हाईत, सर," निवृत्ती हळूच म्हणाला. "छप्पन साली धम्म घेतला, तवापासून कैलासाचा आन् आमचा काय संबंध? कालकथित म्हनतो आम्ही."

"चुकलंच माझं, काका. माफ करा."

सरांनी ते खोडलं आणि शेजारी नवा शब्द लिहायला घेतला. दोन अक्षरं झाली असतील नसतील, निवृत्तीचा राठ पंजा कागदावर येऊन पडला.

"ऱ्हाऊ द्या, सर. कायबी नका लिवू."

"पण लोकांना कळायला नको का, काका?"

"कळलंय की. गावाला कळलंय, पंचनामा करनाऱ्या जमादाराला कळलंय, तिच्या मायला कळलंय. हितं कुनाला ठावं न्हाई." निवृत्तीचा आवाज फाटला. "एवढ्या मान्सात एक डाव माझ्या लेकराचं जित्तं नाव घ्या. हात जोडतो तुम्हाला."

सरांनी खोडाखोडीचा तो कागद फाडला, कोरा घेतला आणि सगळी यादी पहिल्यापासून लिहून काढली. गौतमीच्या नावाआधी त्यांनी फक्त ‘कवयित्री’ लिहिलं.

तासाभरानं तसंच पुकारलं. "कवयित्री गौतमी निवृत्ती बनसोडे!"

केवढ्या टाळ्या! निवृत्ती पायऱ्या चढून मंचावर गेला. आत नुसती आग आग होत होती, तरी या टाळ्या थांबू नयेत असं त्याला वाटत होतं. कुलगुरू मोठे दिलखुलास. त्यांनी निवृत्तीच्या खांद्यावर शाल घातली, पाठीवर थाप मारली आणि माईक जवळ ओढला.

"कवयित्री आल्या नाहीत वाटतं?"

"न्हाई, साहेब. गावाकडंच हाय ती."

"मग तंबी तुम्हालाच देतो. दुसरं पुस्तक वर्षाच्या आत आलं पाहिजे. आणि हे बघा, लग्नाची घाई करून पोरीचं लिहिणं बंद पाडू नका. कबूल?"

सगळं सभागृह खळखळून हसलं. माईकपाशी उभे असलेले सिद्धलिंग सर तेवढे खाली मान घालून यादीकडं बघत राहिले.

निवृत्तीनंही हसून हात जोडले.

"कबूल, साहेब. न्हाई करत घाई."