निओबियमची तार

म्हाळसाबाई स्कॅन सेंटरच्या जड दारापाशी हटून बसल्या होत्या. “मशीन बंद करायच्या आदी मला एकदा आत न्या,” एवढं एकच पालुपद. पहिल्या एसटीनं त्या कळसहून बारामतीला आल्या होत्या. गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात एक लोखंडी अंगठी. घोड्याच्या नालेची.

मेहजबीन तिथली टेक्निशियन. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावरचं लोखंड काढून घेण्यातच तिची नोकरी चालली होती. म्हाळसाबाईंची अंगठी मात्र तिनं काढायला लावली नाही. हे एमआरआय मशीन बसवायला आलेल्यांत त्यांचा मुलगा अविराज होता. मशीनमध्ये पहिल्यांदा करंट भरला तो त्यानं, आणि त्याच संध्याकाळी घरी जाताना भवानीनगरच्या पुढं त्याची मोटारसायकल उसाच्या उभ्या ट्रॉलीवर गेली, तो जागीच गेला. आता ते मशीन जुनं झालं होतं आणि भंगारात निघालं होतं.

“लोखंड आत चालत न्हाय म्हनून सकाळी काढली त्यानं,” म्हाळसाबाई अंगठी मुठीत धरून म्हणाल्या. “शनी मागं हाय, बोटातनं काढू नगं, म्हनत हुते मी. खिशात तरी ठिवायची. तर देवळीतच इसरून गेला. तवापास्नं गळ्यात घिऊन हिंडतीय. त्येची त्येला दिऊन टाकू द्या.”

मशीन बंद करायला पुण्याहून आलेला इंजिनीअर अजित मागं मीटर जोडत होता. माणूस गप्पिष्ट. कुणाची आई दारात बसलीय हे त्याला ठाऊक नव्हतं.

“सगळी कमाल त्या निओबियमची,” तो मेहजबीनला सांगायला लागला. “आतली तार त्याची आहे, निओबियम आणि टायटॅनियम. द्रव हेलियममध्ये बुडवून गारठवून ठेवली, की एकदा सोडलेला करंट फिरतच राहतो, आणि त्या करंटनंच हे एवढं मोठं चुंबक होतं. वीज तोडा, गावाचे दिवे जाऊ द्या, त्याला फरक पडत नाही. पहिल्या दिवशी कुणी सोडला असेल, तोच आज फिरतोय. आणि नाव कुठून आलं, माहितीय? ग्रीक लोकांच्या एका गोष्टीतल्या आईच्या नावावरून. तिची मुलं मारली गेली, ती रडून रडून दगड झाली.”

मेहजबीननं डोळे मोठे केले, पण उशीर झाला होता. म्हाळसाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना ती ग्रीक आई काही कळली नाही. त्यांच्या कानाला वेगळंच लागलं होतं.

“त्योच फिरतोय? माज्या अवीनं सोडल्याला?”

“तोच, मावशी,” मेहजबीन म्हणाली, आणि नियम बाजूला ठेवून तिनं दार उघडलं.

फरशीवरच्या पिवळ्या पट्टीपर्यंतच नेईन, असं तिनं बजावलं आणि म्हातारीचे दोन्ही खांदे धरून ठेवले. मशीनचा पंप चिक् चिक् करत होता. दोन पावलं पुढं गेल्यावर अंगठी छातीवरून उठली. दोरा सरळ झाला आणि दाव्याला ओढ देणाऱ्या वासरासारखी ती मशीनच्या बोगद्याकडं ताण घ्यायला लागली.

“बगितलं? मागतोय त्यो,” म्हाळसाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात दोऱ्याच्या गाठीकडं गेला.

मेहजबीननं मनगट पकडलं. “नको, मावशी! आत्ता सुटली तर गोळीसारखी जाईल. कुणाला लागली तर जीव जाईल त्याचा.” तिनं त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर आणलं.

म्हातारीनं आरडाओरडा केला नाही. “बंद झाल्यावं घील व्हय त्यो?” एवढंच विचारलं. बंद मशीन काहीच ओढून घेणार नाही, हे मेहजबीनला ठाऊक होतं. तिला स्वतःचाच राग आला.

अजितनं बटण दाबलं. छपरावरच्या नळकांड्यातून हेलियमची पांढरी वाफ फुत्कारत बाहेर पडली, खिडक्यांची तावदानं थरथरली. मग सगळं शांत झालं. पंपसुद्धा. अजित खिशातला लोखंडी पाना घेऊन बेधडक आत गेला आणि तो त्यानं बोगद्याच्या तोंडाशी ठेवला. पाना जागचा हलला नाही.

“संपलं,” तो म्हणाला. “आता खुशाल या आत.”

मेहजबीन म्हाळसाबाईंना स्वतः हात धरून घेऊन गेली. निदान आपल्या हातानं ठेवू दे बिचारीला, असं तिच्या मनात होतं. पिवळी पट्टी आली. अंगठी उठली.

दोरा ताणला. मघापेक्षाही जास्त. म्हातारीच्या मानेत तो रुतायला लागला. समोर पाना होता तसाच पडला होता. अजितनं मीटर बघितलं, त्यावर टिचकी मारली, पुन्हा बघितलं. काटा शून्यावर होता. मेहजबीनच्या ओठांवर आपसूक दुआ आली.

म्हाळसाबाईंनी गाठ सोडली. या वेळी त्यांना कुणी अडवलं नाही. अंगठी दोऱ्यातून निसटली आणि बोगद्यात गेली.

तिघंही टणत्काराची वाट बघत राहिले. बोगदा आरपार उघडा, असून असून किती लांब असणार. आवाज आला नाही. अजितनं पलीकडं जाऊन टॉर्च मारला. आत काहीच नव्हतं.

मोकळा दोरा हाताला गुंडाळत म्हाळसाबाई बोगद्याच्या तोंडाशी वाकल्या.

“मदल्या बोटात घाल,” त्या आत म्हणाल्या. “आन् गाडी सावकाश चालव, बाळा.”